पेशंटची गाडी

बारामती-इंदापूर रस्त्यावर गाड्यांचा वेग मोजायला आम्ही दोघं उभे असतो. मी, कॉन्स्टेबल प्रगती, आणि कोऱ्हाळे बुद्रुकचे दत्तोबा हवालदार. त्यांना सगळे तात्या म्हणतात. तात्यांची एक खोड आहे. गाडी अडवली की लायसन मागायच्या आधी ते विचारतात, "कुणाचा रं तू?" पोरगा ओळखीतला निघाला की एक शिवी, थोडा उपदेश, आणि जा. गाडीत पेशंट असला तर शिवीसुद्धा नाही. मी चिडायचे. "तात्या, ही स्पीडगन काय तुमच्या सोयऱ्याधायऱ्यांचे फोटो काढायला धरू का?" ते हसायचे. "माणसाची अडचण बघावी लागतीया, पोरी."

लोकांनी मग ती अडचण तयारच ठेवली. वडगाव निंबाळकरपासून लोणी देवकरपर्यंत सगळ्यांना कळलं, की मागच्या सीटवर म्हातारी आडवी करायची, अंगावर शाल टाकायची, मग कितीही पळवा. गेल्या आठवड्यात अशीच एक आजी मी उठवून बसवली. बाई लग्नाला निघाली होती, शालीखाली पैठणी नेसून! तात्यांना हसू आवरेना. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. यापुढे पेशंट मी स्वतः बघणार, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं.

त्या दुपारी ती पांढरी गाडी आली. वेगाची हद्द ऐंशीची, मशीनवर एकशे सोळा. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, पुढच्या फाट्यावर शाळा सुटायची वेळ. मी पुढे होऊन हात केला. गाडी करकचून थांबली.

चालवणारा तिशीतला, अंगात कंपनीचा निळा शर्ट. मागच्या सीटवर एक म्हातारी आडवी, अंगावर शाल. तिचे पाय मांडीवर घेऊन एक म्हातारा ते चोळत बसला होता.

"कुणाचा रं तू?" तात्या खिडकीशी वाकले.

"भिमा आबांचा सौरभ. लोणी देवकरचा. आई हाय मागं, छातीत दुखतंय तिच्या."

"सोडा की बाई," म्हातारा मला म्हणाला. "पाय गार पडाय लागल्यात तिचं."

"जा, जा," तात्यांनी लगेच हात हलवला.

"थांबा!" मी मागचं दार उघडलं. "उठा आजी, पुरे झालं नाटक. कुणाच्या लग्नाला निघालात?" आणि मी त्यांचा हात धरून ओढला.

हात थंडगार होता. ओढला तसा आला, सोडला तसा सीटवरून खाली लोंबला. डोळे अर्धवट उघडे होते. मी अपघातातली प्रेतं उचललेली बाई आहे, पण जिच्यावर मी खेकसले ती मेलेली आहे, हे माझ्या डोक्यात शिरेचना. म्हातारा माझ्याकडे बघत होता आणि पाय चोळतच होता.

सौरभ खाली उतरला आणि हात जोडून मला गाडीच्या मागे घेऊन गेला.

"मॅडम, मला ठाव हाय," तो कुजबुजला. "कालव्याच्या पुलावर आरशात बघितलं तवाच कळलं. आबांना न्हाय ठाव. गाडी हळू केली की त्यास्नी कळंल. डॉक्टर सांगू द्या. म्या कुठल्या तोंडानं सांगू?"

म्हणजे मेलेल्या आईसाठी हा जिवंत बापाला घेऊन एकशे सोळानं सुटला होता! त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि रडूही आलं. मी तात्यांना बाजूला घेऊन सांगितलं.

"जाऊ दे त्याला," ते पुटपुटले.

"अशा स्पीडनं? फाट्यावर शाळेची पोरं आहेत, तात्या!"

मग मीच ठरवलं. तात्यांना त्या गाडीच्या स्टेअरिंगवर बसवलं, सौरभला शेजारी. आमची जीप मी पुढे काढली, सायरन लावला आणि काटा चाळिसाच्या वर जाऊ दिला नाही. सायरन वाजतोय म्हणजे घाई चाललीय, असं आबांना वाटत राहील, एवढीच माझी अक्कल चालली. फाट्यावर पोरं कडेला उभी राहून आम्हाला टाटा करत होती.

बारामतीच्या दवाखान्यात स्ट्रेचरमागोमाग सौरभ आत धावला. आबा बाहेरच थांबले. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"आबा, मघाशी मी आजींना जे बोलले..."

"आसू दे पोरी. तिला कुठं ऐकू आलं?"

"म्हणजे तुम्हाला...?" मी विचारलं.

"पुलावरच गेली छबू," आबा म्हणाले. "पाय माझ्या मांडीवर हुतं. मला कळणार न्हाय व्हय? पर पोरगं गाडी हाणत हुतं. सांगितलं असतं तर स्टेरिंगवरचा हात सुटला असता त्याचा. म्हून चोळत बसलो."

दोघांनाही ठाऊक होतं! ट्रॉल्यांना घासत, जीव मुठीत धरून, पोरगा बापासाठी पळवत होता आणि बाप पोरासाठी गप्प होता.

"मग नुसतं हळू चालव म्हणायचं, आबा!" मी जवळजवळ ओरडलेच.

"हळू म्हणलं असतं तर त्याला कळलं नसतं का?"

आतून सौरभचा हंबरडा ऐकू आला. आबांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"मला आधीच ठाव हुतं, ह्ये त्याला बोलू नगं."

मी मान डोलावली. त्यांनी माझं मनगट सोडलं आणि "काय झालं रं सौरभ? काय झालं माझ्या छबूला?" असं ओरडत ते आत धावले.