दवाखान्यासाठी राखीव

मी एक सरकारी फलक बोलतोय. ताठ उभं राहून बोलायचे माझे दिवस गेले, म्हणून विटांच्या दोन थप्प्यांवर आडवा पडूनच बोलतो. आवाज दबलेला वाटला तर समजून घ्या, छातीवर औषधांचा डबा आहे.

माझा जन्म वसईजवळच्या वालीवमधल्या एका शेडमधला. जाड पत्रा, लोखंडी चौकट, दोन पाय. अल्पेश नावाच्या पेंटरनं मला पांढरा रंग दिला आणि वर काळ्या अक्षरांत लिहिलं, 'आरक्षण क्रमांक १४६. दवाखाना व प्रसूतिगृहासाठी राखीव. अतिक्रमण करू नये.' लिहिता लिहिता तो म्हणाला, "पत्रा एवढा जाड कशाला लावलाय? वर्षभरात दवाखाना होईल, मग याला कोण विचारतो!" बिचारा अल्पेश. त्याला या कामातलं काहीच कळत नव्हतं.

मला गास गावाच्या बाजूला एका केळीच्या वाडीत रोवलं. वाडी आलोशियस आणि क्लेमेंटीन या नवरा-बायकोची. क्लेमेंटीनबाईंनी सगळा जन्म नर्सची नोकरी केलेली. जवळपास दवाखाना नसला की काय होतं, ते त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. त्यामुळे शहराच्या विकास आराखड्यात आपल्याच वाडीवर आरक्षण पडलंय हे कळल्यावर दोघांनी हरकत घेतली नाही, उलट केळी काढून जागा मोकळी करून दिली. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की बाई ओलं फडकं घेऊन यायच्या आणि माझं तोंड पुसून जायच्या.

अशी अकरा वर्षं गेली. हो, अकरा! तेवढ्यात माझ्या डोळ्यांदेखत आजूबाजूला सतरा टॉवर उभे राहिले. माणसं राहायला आली, आणि मग त्यांना पाणी कुठून द्यायचं याची बैठक झाली. गाड्या आल्या, आणि मग रस्ता किती रुंद हवा याची बैठक झाली. आधी आखायचं आणि मग वाढायचं, असं मी समजत होतो. इथे शहर पुढे पळतं आणि आराखडा धापा टाकत मागून येतो. माझ्या जागेत मात्र गवताखेरीज काही उगवलं नाही.

तीन वर्षांपूर्वी आलोशियसच्या छातीत दुखायला लागलं. बाईंनी त्याला रिक्षात घातलं, पण शहरातलं रुग्णालय गाठायला तास लागला आणि तो वाटेतच, गाड्यांच्या गर्दीत, गेला. माझ्यापासून त्याचं घर चालत तीन मिनिटांवर आहे. त्यानंतर बाई रविवारी यायच्या, माझ्याकडे बघत उभ्या राहायच्या, पण मला पुसायच्या नाहीत. मला फार लाज वाटायची.

मग गेल्या वर्षी जागा लाटायला डंपर आले आणि माझ्या पायाशी भराव ओतू लागले. गावानं डोकं चालवलं. क्रूस उभा असला की तिथे डंपर येत नाही, हे वसईत पोराटोरांनाही ठाऊक. लोकांनी माझ्या शेजारी पांढरा क्रूस उभारला आणि मे महिनाभर रोज संध्याकाळी तिथे रोझरीची प्रार्थना म्हटली. डंपर खरंच थांबले. पण नेमकी त्याच महिन्यात सुधारित आराखड्याची पाहणी निघाली! दिपिका नावाची तरुण सर्वेक्षक आली, चपला काढून रोझरी संपेपर्यंत गप्प उभी राहिली, आणि 'सध्याचा वापर' या रकान्यात तिनं लिहिलं, 'प्रार्थनास्थळ'.

आता यात चुकलं कोण? सगळ्यांनी आपापलं काम अगदी चोख केलं. म्हणूनच तर डोकं फिरतं! प्रार्थनास्थळाच्या जागी दवाखाना बांधता येत नाही म्हणून माझं आरक्षण उचललं आणि थेट खाडीकाठी नेऊन ठेवलं. खाडीजवळ भातशेती करणारा म्हातारा नथू ते ऐकून म्हणाला, "थितं भरतीला कमरेएवढं पानी असतं. बायका बाळंतपनाला होडीतनं जानार काय?"

गावानं फादरना बोलावून क्रूस सन्मानानं नाक्यावर हलवला आणि तसा अर्ज केला. कार्यालयाचं उत्तर आलं की स्थळ हलवलं तरी नोंद हलत नाही, फेरपाहणी होईपर्यंत थांबावं. त्याआधीच कार्यालयाची दोन माणसं मला उपटायला मात्र वेळेवर हजर झाली. उपटल्यावर कळलं की मला न्यायला टेम्पोच सांगितलेला नाही. तसाच गवतात टाकून गेली.

क्लेमेंटीनबाईंनी मला तसं पडलेलं बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "बस झालं आता." त्यांनी विटा आणवल्या, मला त्यांच्यावर आडवं ठेवलं आणि कितीतरी दिवसांनी ओल्या फडक्यानं लख्ख पुसलं. दर गुरुवारी सकाळी त्या इथे बसू लागल्या. ब्लडप्रेशर, साखर, जखमेची पट्टी. पहिला आला तो नथू. आता टॉवरवालेही रांगेत असतात. अकरा वर्षं दवाखाना होणार, होणार म्हणत उभा होतो. आडवा पडलो तेव्हा कुठे उपयोगी पडलो.

आज गुरुवार. आत्ताच फेरपाहणीला दिपिका आली आहे. बाईंनी आधी तिच्याच दंडाला पट्टा गुंडाळला.

"एवढ्या वयात एवढं प्रेशर? जेवतेस का वेळेवर?"

"कुठलं जेवण मॅडम, या महिन्यात तीनशे प्लॉट आहेत." तिनं कागद काढला. "सध्याचा वापर काय लिहू?"

"डोळ्यांना दिसतंय ते लिही, बाय," बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी तसंच लिहिलं होतंस ना?"

दिपिकानं रांगेकडे बघितलं. नथूनं बाही वर करून ठेवली होती.

आराखडे आखणाऱ्या साहेबांनो, तुमची फाइल तुमच्या सवडीनं उघडेल. ती उघडाल तेव्हा एवढा एक रकाना तरी नीट वाचा. बाई सत्तरीच्या आहेत, त्यांना अजून अकरा वर्षं उभं करू नका.

लिहायला दुसरा कसला आधार नव्हता म्हणून दिपिकानं कागद माझ्यावरच टेकवला. पेनाचं टोक माझ्या पत्र्यावर दाबलं गेलं. ते अक्षर मी अकरा वर्षं अंगावर वागवलंय, त्यामुळे पहिला 'द' मला लगेच ओळखू आला.