नाद बोटांत असतो

दिवसा चष्म्याच्या दुकानात भिंगे घासणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी एका वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणाऱ्या दाजींचा एक सिद्धान्त होता, आणि तो ते विचारणाऱ्याला व न विचारणाऱ्याला सारख्याच आस्थेने ऐकवीत: नाद वाद्यात नसतो, तारांत नसतो, यंत्रांत तर नसतोच नसतो, तो वादकाच्या बोटांत असतो.

या दाव्याच्या पुष्ट्यर्थ ते आपल्या लाडक्या वादकांना साक्षीला बोलावीत. त्यांची खरी नावे दाजींना पाठ होती. परंतु जवळच्या माणसाला कागदोपत्री नावाने हाक मारणे त्यांना रुक्ष वाटे. पहिला ‘गादीवाला’. तो तारांखाली स्पंजाचा तुकडा दाबून वाजवी, आणि त्याचा प्रत्येक स्वर, जड माणूस गादीवर बसावा तसा, उमटताक्षणी खाली बसे. दुसरी ‘टीपवाली’. ती नखीने वाजवी, आणि तिचे आघात इतके एकसारखे पडत की गाण्याच्या काठाला कोणी शिवणयंत्राने टीप घालीत आहे असे वाटे. शेवटचा ‘बिनपडद्याचा’. त्याने गिटारच्या दांडीवरचे धातूचे पडदे उपटून टाकले होते. त्यामुळे त्याचा स्वर एका जागी उभा न राहता लाडात आल्यासारखा घसरे, आणि शेजारच्या खोलीत कोणीतरी बोलण्याआधी घसा साफ करीत असल्याचा भास होई.

“यांतल्या कोणाच्याही हातात माझी गिटार द्या,” दाजी म्हणत, “जो तो आपलाच नाद काढेल.”

“काढतील कशाला? तुमच्या तारा बघून पळून जातील,” हे उत्तर मेहुण्याचे.

मेहुणा ध्वनिमुद्रक होता. घरामागच्या खोलीच्या भिंतींना जाड पडदे लावून त्याने तिथे आपला कारखाना थाटला होता. दाजींच्या गिटारचा तो प्रसिद्ध काळोखा, गोल, जरासा झोपाळू नाद त्यालाही मनापासून आवडे. फक्त त्याचे श्रेय तो दाजींना देत नसे. दाजींनी लग्नानंतर एकदाही तारा बदललेल्या नव्हत्या.

“दाजी, तो नाद बोटांचा नाही, मळाचा आहे. ताईचा संसार आणि तुमच्या तारा एकाच वयाच्या.”

“मग तुझ्या ताईचाही नाद बदलला असेल. विचार तिला.”

“तिचा चढलाय. तुमच्या तारांचा बसलाय.”

असा हा वाद वर्षानुवर्षे सुखाने नांदत होता. आणि एके दिवशी वाद्यवृंदाच्या गायिकेने, जी एरवी लोकांचे दात काढण्याचे काम करी, नव्या गाण्याची सुरुवात एकट्या बेस गिटारने करावी असे सुचवले. “ध्वनिमुद्रणाच्या दिवशी तुमचं ऐकू,” ती म्हणाली. “नाही जमलं तर पियानो आहेच.”

बेसवादक म्हणजे घराचा पाया. आणि पाया पाहायला कोणी पाहुणा येत नाही. आयुष्यभर इतरांच्या पाठीमागे उभ्या राहिलेल्या दाजींना प्रथमच कोणीतरी पुढच्या दाराने बोलावत होते. ती सुरुवात त्यांना इतकी हवी होती की, त्या धांदलीत त्यांनी एका गिऱ्हाइकाचे डावे भिंग उजवीकडे बसवून दिले.

ही तगमग त्यांच्या बायकोने पाहिली, आणि प्रेम भरपूर पण माहिती अपुरी असलेले माणूस जे करते तेच तिने केले.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मेहुण्याच्या खोलीत दाजींनी गिटारची पेटी उघडली. आत चारही तारा नव्या सुयांसारख्या लखलखत होत्या. नवऱ्याचा चेहरा पाहायला बायको मुद्दाम बरोबर आली होती.

“कशा वाटल्या? सगळे तुमचंच ऐकणार, म्हणून म्हटलं छान नव्या घालून घेऊ.”

“आणि… जुन्या?”

“दुकानदाराला म्हटलं, टाकून दे. वाळलेल्या गांडुळांसारख्या दिसत होत्या हो!”

दाजींनी गिटार गळ्यात अडकवली आणि पहिला स्वर वाजवला. कानांवर हेडफोन चढवून बसलेला मेहुणा खुर्चीतून उडालाच. “दाजी, गिटार वाजवताय, का चमच्यांचा खण उपसताय?”

बायकोचे हसू मावळले. “काय झालं? मी काही बिघडवलं का?”

आता दाजींची अवस्था मोठी चमत्कारिक झाली. तारांना दोष द्यावा तर उभ्या आयुष्याचा सिद्धान्त कोसळतो. तेही एक वेळ चालले असते, पण त्या ढिगाऱ्याखाली बायको सापडली असती.

“छे, छे! तारांचा काय संबंध?” ते नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाले. “नाद बोटांत असतो.”

वर्षानुवर्षांचा विजय मेहुण्याच्या पानात आयता येऊन पडला होता. त्याने तोंडही उघडले. पण त्याची नजर बहिणीच्या चेहऱ्याकडे गेली आणि ते तोंड त्याने वेगळ्याच कामाला लावले. “खरंय, ताई. बोटांतच असतो. माझीच यंत्रं आज जरा तीक्ष्ण लागलीयत.”

ऐन लढाईत प्रतिस्पर्ध्याने तलवार खाली ठेवून पाणी विचारावे, तसे दाजींना झाले. त्यांना तो आवडला, आणि त्याचा रागही आला.

मग त्यांनी ठेवणीतले सारे उपाय काढले. उजवा हात गिटारच्या दांडीकडे सरकवला, बोटांऐवजी अंगठा लावला, तळहाताची कड तारांवर टेकवली. नाद थोडा मवाळ झाला. पण चमच्यांच्या खणाचा फार तर काट्यांचा खण झाला. एवढ्यात दवाखाना आटोपून गायिका आली. तिने डोळे मिटून सगळे ऐकले.

“वाजवणं तुमचंच आहे,” ती सावकाश म्हणाली, “पण नवी कवळी बसवलेला माणूस पहिल्या दिवशी असाच बोलतो. शब्द त्याचे, आवाज दुसऱ्याचा. सवयीनं बसेल, पण गाणं आजच व्हायला हवं. पियानोनं करू या का?”

‘तारा नव्या आहेत, थोडे दिवस द्या,’ एवढेच म्हणायचे होते. दाजींनी शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिले.

“करा,” ते म्हणाले. “पियानो गोडच वाजतो.” आणि झोपलेले मूल खाली ठेवावे तशी त्यांनी गिटार पेटीत ठेवली.

“थांबा,” बायको म्हणाली. “तुम्ही दोघं कधीपासून एकमतानं बोलायला लागलात? हा म्हणतो यंत्रं तीक्ष्ण, तुम्ही म्हणता पियानो गोड. अहो, खोटं बोलायलासुद्धा रियाज लागतो! तारांमुळेच झालंय ना हे?”

मेहुणा आपल्या यंत्राची बटणे तपासू लागला. दाजी चष्मा पुसू लागले, जो पुसण्याची काहीच गरज नव्हती.

“मला वाटायचं, याची ती मळाची गोष्ट थट्टाच आहे. मळच हवाय ना तुम्हाला? मग मळ देते.” तिने पिशवीतून बटाट्याच्या वेफर्सची पुडी काढून फाडली. “खा.”

“आत्ता?”

“हो, आत्ता. आणि हात पुसायचे नाहीत. घरी सोफ्याला पुसता ना, तसे त्या तारांना पुसा.”

“ताई, या खोलीत खायला बंदी आहे!” मेहुणा कळवळला.

“तू गप्प बस. तुझीही पुडी आहे.”

दाजींनी खाल्ले. तेलकट, खारट बोटे त्यांनी चारही तारांवरून वरखाली फिरवली, पुन्हा खाल्ले, पुन्हा फिरवली, आणि गायिका हे सारे एखादी गुंतागुंतीची शस्त्रक्रिया पाहावी तशा गांभीर्याने पाहत राहिली. मग त्यांनी अंगठ्याने सुरुवातीचे स्वर वाजवले. तो जुना नाद नव्हता. इतक्या वर्षांचे काम एका पुडीने कसे व्हावे? पण धार गेली होती. स्वर जाड झाला होता, बसत होता, आणि नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसासारखा थोडा ताजाही होता.

“पुन्हा वाजवा,” गायिका म्हणाली. दाजींनी पुन्हा वाजवले.

“हं. सुरुवात तुमची.”

मेहुण्याने आतापर्यंत मोठ्या कष्टाने तोंड आवरले होते. “म्हणजे सिद्ध झालं! नाद मळातच असतो.”

“अरे, पण मळ आला कुठून?” दाजी उसळून म्हणाले. “बोटांतूनच ना?”

“पुडीतून आला,” बायको म्हणाली, “आणि पुडी मी आणली. वाजवा आता.”