खोट्या दातांची कबुली

तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडलेल्या कंडक्टरबाई कुणाच्या बापाला भीत नसत. पिऊन चढलेल्या एका पहिलवानाला त्यांनी घंटीच्या दोरीनं बांधून डेपोपर्यंत आणला होता आणि वर दोन तिकिटं काढायला लावली होती, एक त्याचं, एक त्याच्या पोटाचं. निदान त्या तसं सांगायच्या. पण लेक नगराध्यक्षपदाला उभी राहिली आणि या वाघिणीची झोप उडाली.

कारण त्यांचा पंथ. चाळीस घरांचा काय तो पंथ! लोक त्यांना ‘बंददारे’ म्हणायचे. आठवड्यातून एकदा ही चाळीस घरं एका खोलीत जमायची, दार लावून घ्यायची आणि तासभर गप्प बसायची. ना गाणं, ना भाषण. आत चार ओळी बाकांच्या, आणि भिंतभर लाकडी कप्पे, घरटी एक. घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेल्यानं एका चिठ्ठीवर लिहायचं, तुझ्याशी मी कुठे चुकलो. घडी घालून कप्प्यात ठेवायची. ती परत कुणी वाचायची नाही. आणि त्या खोलीत खोटं बोलायचं नाही. बोललंच, तर पुन्हा आत पाय टाकायचा नाही. हाकलायला कुणी येत नसे, ज्याचं त्यानं उंबऱ्याबाहेर थांबायचं. खोलीची किल्ली कंडक्टरबाईंकडे असायची, झाडलोट त्याच करायच्या.

लेक दातांची डॉक्टर. अर्ध्या गावाचा जबडा तिनं आतून पाहिलेला. रस्ते, पाणी, गटारं सगळं तिला तोंडपाठ. तिच्या सभांना माणसं यायला लागली तसा समोरचा उमेदवार, एक हॉटेलवाला, घाबरला. गटारांवर त्याला बोलता येईना, मग तो दारावर बोलायला लागला.

“जी बाई आपल्या प्रार्थनेच्या खोलीचं दार उघडत नाही,” तो भर सभेत म्हणाला, “ती नगरपालिकेची कपाटं काय उघडणार?”

झालं! कानाला कान लागला आणि राईचा पर्वत झाला. कुणी म्हणे, आत मेलेल्यांची बोटं ठेवतात. कुणी म्हणे, कप्प्यांत सगळ्या गावाची नावं लिहून ठेवलीत आणि एकेकाला शाप देतात. भाजीवालीनं तर शपथेवर सांगितलं की बंददाऱ्यांना जन्मतः शेपूट असतं आणि डॉक्टरीण ते स्वतःच काढते, दात काढायच्या चिमट्यानं. एरवी कंडक्टरबाई अशा गप्पांना मीठमसाला लावून परत विकणाऱ्यातल्या. पण या वेळी दवाखान्यातल्या खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या, आणि बाईंना हसू येईना.

मतदानाला आठ दिवस असताना प्रचाराचा सल्लागार दवाखान्यात आला. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून पेशंटच्या खुर्चीत आडवा होऊनच बोलायला लागला.

“ताई, सरळ सांगतो. तीनशे मतांनी पडतोय आपण. एक तर जाहीर करा की तुमचा या पंथाशी संबंध नाही...”

“ते नाही जमणार,” डॉक्टरीण म्हणाली.

“मग दार उघडा. कॅमेरे बोलवा. लोकांना बघू दे.”

डॉक्टरणीनं आईकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, “बाकं बघायला कुणाला बोलवतोस रे? आमच्या बसमध्ये याहून बरी बाकं होती.”

“आजी, बाकं दाखवली की पुरे. लोकांना कळेल, काही नाही आत.”

चाळीस घरांची बैठक झाली. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा होता घड्याळं दुरुस्त करणारा, सगळे त्याला घड्याळजी म्हणत. तो म्हणाला, “आपल्यातली पहिलीच पोर उभी राहिलीय. बघू द्या त्यांना. कप्प्यांना मात्र हात लागता कामा नये.”

दार उघडलं. पाच-सहा कॅमेरे आत शिरले, मागोमाग बघ्यांची गर्दी. बाकं बघून झाली, छत बघून झालं, एकानं वाकून बाकांखालीही पाहिलं. शेपटं शोधत असावा. पाच मिनिटांत सगळ्यांची तोंडं पडली. एवढ्या अफवा ऐकून आल्यावर रिकामी खोली कुणाला हवी होती?

मागून कुणीतरी ओरडलं, “सामान कालच हलवलंय!”

एक वार्ताहर कप्प्यांजवळ गेली. “यात काय आहे?”

घड्याळजीनं सांगितलं. ती हसली. “मग उघडून दाखवा ना एखादा.”

“ते आमच्यात चालत नाही.”

“म्हणजे लपवताय,” गर्दीतून आवाज आला. मग दुसरा, मग दहा. सल्लागार घामाघूम होऊन डॉक्टरणीच्या कानाशी लागला, “तुमच्या स्वतःच्या घराचा कप्पा उघडा, ताई. एकच. नाहीतर संपलं सगळं.”

डॉक्टरीण म्हणाली, “तो आईचा आहे. आई सांगेल ते.”

आता त्या कप्प्यात काय होतं, ते एकट्या बाईंना ठाऊक. नवरा आजारी होता तेव्हाची गोष्ट. दुपारी डेपोत निरोप आला, घरी या, ते बोलावतायत. बाई वैतागल्या होत्या, आठवड्यातली तिसरी वेळ होती ती. “यांचं नेहमीचंच आहे,” असं म्हणून त्यांनी उरलेल्या दोन्ही फेऱ्या पुऱ्या केल्या. घरी पोचल्या तेव्हा माणूस गेलेला होता. परगावी शिकणाऱ्या लेकीला त्यांनी सांगितलं, निरोपच उशिरा मिळाला. चिठ्ठीत मात्र खरं लिहिलं. बारा वर्षं ते तिथं पडून होतं, आणि लेक आज दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

बाईंनी कप्पा ओढला. चिठ्ठी उघडली. लेकीकडे एकदा पाहिलं, आणि तोंडाला येईल ते वाचायला लागल्या.

“अहो, तुमच्या पुतणीच्या लग्नात तुम्ही गाणं म्हणणार म्हणून हटून बसला होतात. तुमचा आवाज म्हणजे जुन्या बसचा ब्रेक. म्हणून आदल्या दिवशी तुमचे खोटे दात मीच लपवले, पिठाच्या डब्यात. तीन दिवस तुम्ही पेज पिऊन काढलेत आणि दोष मांजराला दिलात. मांजराचीही माफी मागते.”

अशी हशाची लाट आली की म्हणता सोय नाही! वार्ताहर डोळे पुसायला लागली. कुणीतरी ओरडलं, “म्हणून पोरीला दातांची डॉक्टर केली होय!” सल्लागारानं दोन्ही हात जोडून वर पाहिलं. बाईंनी घडी घातली आणि चिठ्ठी कप्प्यात न टाकता खिशात कोंबली.

फक्त चाळीस घरं हसली नाहीत. बाईंच्या नवऱ्याचे बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे होते. बाटल्यांची झाकणं तो दातानं उघडायचा. घड्याळजीच्या दुकानात तर एकदा त्यानं वाकलेला खिळा दातानं सरळ केला होता. तिथल्या प्रत्येक बंददाऱ्याला हे ठाऊक होतं. प्रत्येकानं घड्याळजीकडे पाहिलं. घड्याळजी खाली बघत राहिला. कुणीही तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून हवा फिरली. तो ‘पिठाचा डबा’ पोराटोरांच्या तोंडी झाला. दवाखाना परत भरला. हॉटेलवाला चार भाषणं करून दमला, लोक त्यालाच विचारायचे, दात कुठे ठेवलेस? डॉक्टरीण चारशे अकरा मतांनी निवडून आली. विजयाच्या सभेत गर्दी ओरडायला लागली, “बाबांचे दात! बाबांचे दात!” डॉक्टरीण माईकपुढे उभी राहिली, हसली, आणि म्हणाली, “आज ते असते, तर दात दाखवून हसले असते.” टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आपला माणूस त्यांना आठवेना. डोळ्यांपुढे येईना तो तगडा, झाकणं फोडणारा. बोळक्या तोंडाचा कुणी भलताच म्हातारा यायचा.

मग प्रार्थनेचा दिवस आला. बाईंनी सकाळीच जाऊन कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि बाहेर पायरीवर बसल्या. आत गेल्या नाहीत. लेक आली. तिच्या गळ्यात अजून कालच्या हाराची एक पाकळी अडकलेली.

“आत नाही येत?”

“मला नाही जाता यायचं. तू जा.”

डॉक्टरीण शेजारी टेकली. “आई, कॉलेजात असताना माझा पहिला पेशंट बाबा होते. बत्तीस दात मोजलेत मी. तू ‘खोटे दात’ म्हणालीस तेव्हाच कळलं मला. आणि मी गप्प बसले. चारशे अकरा मतं गप्प बसून मिळवली. मी कुठल्या तोंडानं आत जाऊ?”

बाईंनी तिच्या गळ्यातली पाकळी काढली.

“खरं काय लिहिलं होतंस?”

बाईंनी खिशावर हात ठेवला. मग सरळ रस्त्याकडे बघत म्हणाल्या, “निरोप वेळेवर मिळाला होता.”

लेकीला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तशी ती पायरीवर जरा बाजूला सरकली. फार नाही, वीतभर.

तेवढ्यात घड्याळजी आला. दारापाशी थांबला. आत पाहिलं, दोघींकडे पाहिलं, आणि काठी टेकून भिंतीला टेकला. मग शिक्षक आला आपल्या बायकोला घेऊन. मग टेलर, मग दोघी बहिणी. जो येई तो दारापर्यंत येई आणि थबके. कुणी कुणाला काही विचारलं नाही. हळूहळू चाळीसही घरं रस्त्यावर उभी राहिली, आणि खोलीत सकाळचं ऊन रिकाम्या बाकांवर पडलं होतं.

भाजीवाली हातगाडी ढकलत तिथून चालली होती. उघडं दार बघून ती खूश झाली.

“बघा,” ती डॉक्टरणीला म्हणाली, “असं उघडं ठेवलं की कसं बरं वाटतं!”

डॉक्टरणीनं मान हलवली. आईकडे तिनं पाहिलं नाही.