दुसऱ्या श्रेणीचं पाणी

रविवारी सकाळी आठ वाजता, जुन्या पुलाखालच्या वळणावर, मी बुडाले. माझ्यात दोन बहिणी होत्या. काठावर एकच आली.

त्या दोघींची होडी बोलतेय मी. लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, दोन माणसांची. एका शेडमध्ये तापल्या साच्यातून निघाले, महिनाभर दुकानाबाहेर ऊन खात पडले आणि मग यांच्या गॅरेजात छताला टांगली गेले. मागे ताई बसायची, दिशा तिच्या हातात. पुढे धाकटी. तिचं वल्ह्यापेक्षा तोंड जास्त चालायचं.

खळाळत्या पाण्याला सहा श्रेण्या असतात. पहिलीत नुसतं वाहत जायचं. सहावीत उतरलेला परत येईलच असं नाही. धाकटीनं घरच्यांनाही श्रेण्या वाटून टाकल्या होत्या.

"बाबा पहिली. आई चौथी. आधी काठावरून अंदाज घ्यायचा, मगच तोंड उघडायचं."

"आणि मी गं?"

"तू दुसरी. उथळ पाण्याला खळखळाट फार!"

ताई वल्ह्यानं तिच्या पाठीवर पाणी उडवायची. मी डुलायचे.

पण नियमाला दोघी पक्क्या. तिसरी किंवा त्यावरची श्रेणी आली की मला काठाला बांधायच्या, पुढे चालत जाऊन खडक बघायच्या, वाट ठरवायच्या. दुसरीत कुणीच उतरून बघत नाही. वाट रुंद, लाटा लहान. पुलाखालचा खळाळ दुसरीचा. त्या दिवशी ताई म्हणाली, "इथे काय बघायचंय? चल, मार वल्हं."

वळणापलीकडे झाड आडवं पडलं होतं. पाणी फांद्यांमधून सहज निघून जात होतं. मी निघू शकले नाही. धारेनं मला त्याच्यावर दाबून धरलं, माझी कूस फाटली आणि धाकटी फांद्यांखाली ओढली गेली. ताईनं तिच्या जॅकेटचा पट्टा पकडला.

"ताई, सोडू नको."

ताईनं सोडलं नाही. माणसं धावत आली तेव्हाही पट्टा तिच्या मुठीतच होता. धाकटी पाण्याखाली होती.

दुसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब आले. बुटांना चिखल लागणार नाही इतक्या लांब उभे राहिले. "दुसऱ्या श्रेणीत कोणी बुडतं होय? पोरींनी मस्ती केली असणार."

"साहेब, ते झाड दिसत नाही का तुम्हाला?" बाबांनी विचारलं.

"झाडं पडायचीच. निसर्ग आहे."

अहो साहेब, श्रेणी पाण्याची असते. पाण्यात कुणी काय टाकलं, ते ती सांगत नाही! एवढं तरी वाचून यायचं होतं.

आता मी पोलिसांच्या आवारात पडून आहे, फाटकी कूस वर करून. ताई एकदा येऊन गेली. पुढच्या बैठकीवर हात ठेवून कितीतरी वेळ उभी होती. "मी उतरून बघायला हवं होतं गं," एवढंच म्हणाली. मला नाही, धाकटीला.

मला सांधू नका. मला आता पाणी नको. पण त्या पोरीला पुन्हा पुन्हा बोलावून तेच तेच विचारणं बंद करा. विचारायचंच असेल तर त्या झाडाबद्दल विचारा. क्रेननं ओढून ते जसंच्या तसं माझ्या शेजारीच आणून टाकलंय. येणारा-जाणारा प्रत्येक शिपाई त्याला वळसा घालून जातो.

उन्मळून पडलेल्या झाडाला मुळं असतात. याला नाहीत. याचा बुंधा करवतीनं सपाट कापलेला आहे.