चौथ्या घोडीखालचा दगड

गफूरनं सकाळपासून तिसऱ्यांदा शेवटची फळी उचलली, तेव्हा नावेत आडवा झालेला खात्या नावाडी वैतागून उठून बसला.

"गफूरभाई, बठ ना जरा! सकायपाईन येरझारा मारी ऱ्हायना. नदी काय पयी जाई ऱ्हायनी का?"

"तू तुन्ही नाव देख," गफूर म्हणाला आणि पुन्हा गुडघाभर चिखलात उतरला.

खरं तर नदी पळूनच चालली होती. त्रेसष्ट सालचा आश्विन होता. पूर ओसरून तापी रोज वीतभर मागं सरकत होती आणि जाताना काठावर लोण्यासारखा गाळ सोडत होती. नाव काठाला टेकत नसे. काठ आणि नाव यांच्यामध्ये लाकडी घोड्या उभ्या करायच्या, घोड्यांवर फळ्या टाकायच्या, आणि त्या फळ्यांवरून माणसांना कोरड्या पायांनी नावेत न्यायचं, हे गफूरचं काम. पिंपळखेड्याच्या घाटावर तो गेली एकवीस वर्षं हेच करत होता. ठेकेदार तीन बदलले, नावा दोन बदलल्या, गफूर तोच. पाणी चढलं की घोड्या मागं, पाणी उतरलं की घोड्या पुढं. त्याला पोहता येत नव्हतं, पण नदीनं रात्रीतून काय केलं असेल ते तो सकाळी पायाच्या अंगठ्यानं सांगत असे.

घाटावरची माणसं त्याची थट्टा करत. गफूरच्या पायाला भिंगरी आहे म्हणत. उतारू बसवण्याआधी तो स्वतः काठापासून नावेपर्यंत दोनदा चालून यायचा, प्रत्येक फळीवर टाच आपटायचा, प्रत्येक घोडी हलवून बघायचा. मग खाली वाकून घोडीच्या पायाखालचे दगड चाचपायचा. म्हसावदच्या बाजाराला निघालेली बेबीबाई तर रोज म्हणायची, "चाचा, आम्हले पलीकडे जानं शे, मक्केले नही!" सगळे हसायचे. गफूरही दात दाखवायचा. पण टाच आपटणं काही सोडायचा नाही.

हे वेड त्याला जन्मापासून नव्हतं. आठ वर्षांपूर्वी जडलं, आणि का जडलं ते त्यानं कुणाला, अगदी बायकोला, शहाबानोलाही सांगितलेलं नव्हतं.

उन्हं कलली. शेवटच्या खेपेला पंधरा-वीस माणसं नावेत बसली. खात्यानं दोर सोडायला हात घातला, तेवढ्यात उतारावरून एक बैलगाडी धाडधाड खाली आली. गाडी भाईदासची होती. पिंपळखेड्याच्या रूपचंद पाटलाचा हा एकुलता मुलगा. केळीचे बागायतदार, गुजर समाजातलं वजनदार घर. भाईदासच्या मागं तोंडावर पदर ओढलेली एक बाई उतरली. तिला ओळखायला गफूरला तिचं तोंड दिसावं लागलं नाही.

ती जसोदाबाई होती. भाईदासची बायको.

"नाव शे ना, गफूरभाई?" भाईदास धापा टाकत म्हणाला. "हिनी मायनं काही खरं नही. दुपारले सांगावा उना. एकदाव तोंड देखू दे म्हनस."

"शे ना. नाव शे," गफूर म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

जसोदाबाईचं माहेर मोरथडी. समोरच्या काठावरच. इथून तिथल्या देवळाचा कळस दिसायचा, संध्याकाळी चुलींचा धूर दिसायचा. तरी आठ वर्षांत ती तिथं गेली नव्हती. सासरनं तिला नदी बंद केली होती.

या काठच्या घरांची एक रीत आहे. पुरानंतर लेकीसुना पहिल्यांदा नदी ओलांडतात, तेव्हा फळीवर पाय ठेवण्याआधी तापीमायची ओटी भरतात. खण, नारळ, मूठभर तांदूळ. पंचावन्न सालच्या आश्विनात जसोदाबाई पाच महिन्यांची पोटुशी होती आणि डोहाळजेवणाला माहेरी निघाली होती. नाव सुटायच्या बेतात होती. "वटी पलीकडे गये की भरसू," असं हसत म्हणून ती फळ्यांवरून झपझप निघाली, आणि मध्यावर फळी कलंडली. ती पोटावर आपटली आणि पाण्यात गेली. खात्यानं उडी मारून तिला काढलं. चिंचपाड्याच्या दवाखान्यात ती बारा दिवस होती. ती वाचली, मूल गेलं. पुन्हा काही कूस उजवली नाही.

तिच्यावर कुणी हात उचलला नाही की तिला घराबाहेर काढलं नाही. पण गावानं एका दमात ठरवून टाकलं: ओटी चुकवली, तापीमाय कोपली. तेव्हापासून दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी झोके घेत असताना, समोरच्या काठावर एक म्हातारी येऊन बसायची. तिन्हीसांजेपर्यंत बसायची आणि उठून जायची. गफूरनं अशा आठ अखाज्या मोजल्या होत्या. म्हातारी दिसली की तो घोड्यांना पाठ करून काठावर काहीतरी काम शोधायचा.

कारण फळी का कलंडली ते एकट्या गफूरला ठाऊक होतं.

घोडी गाळात उभी करायची तर तिच्या पायांखाली चपटे दगड द्यायचे, हा या कामातला पहिला धडा. ताजा गाळ वरून घट्ट दिसतो आणि वजन आलं की गिळतो. त्या सकाळी खापरहून त्याच्या लेकीला, नईमाला बघायला पाहुणे यायचे होते. गफूर उशिरा आला, रात्रीतून हातभर सरकलेल्या पाण्यापर्यंत चौथी घोडी ओढली, दगड न देताच फळी टाकली आणि ओरडला, "चला!" संध्याकाळी घाट रिकामा झाल्यावर त्यानं ती घोडी एकट्यानं उकरून काढली. एक पाय कोपरभर खोल रुतला होता. तो त्यानं धुतला आणि घोडी इतर घोड्यांत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी तो सांगणार होता. पण दुसऱ्या दिवशी घाटावर जो तो ओटीचंच बोलत होता. त्यांच्या देवाधर्माच्या गोष्टीत आपण मुसलमानानं कशाला तोंड घालायचं, असं त्यानं स्वतःला समजावलं. हे कारण इतकं सोयीचं होतं की ते त्याला आठ वर्षं पुरलं.

जसोदाबाईनं काठावर उभं राहून घाईघाईनं ओटी भरली. नारळ पाण्यात सोडला. हात जोडले ते सुटेचनात. मग ती वळली आणि पहिल्या फळीवर पाय ठेवला.

"भाईदास!"

उतारावर घोड्यावर बसून रूपचंद पाटील आला होता. सत्तरीचा माणूस, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. कपाळावर आडवा हात धरून तो फळ्यांकडे बघत होता.

"गाडी फिराव."

"आबा, तिनी माय मरी ऱ्हायनी," भाईदास म्हणाला.

"मले समजस. मन्ही बी माय मरनी व्हती. पन एकदाव नदीनं लिधं, आते हिलेच लई जाई तं मी कोनले तोंड दखाडू? मन्हा घरनी लक्ष्मी शे ती. फिराव गाडी."

म्हातारा दुष्ट नव्हता, हीच पंचाईत होती. त्याचा आवाज भीतीनं कापत होता. भाईदासनं बापाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली. जसोदाबाई सासऱ्यापुढं बोलणार नव्हती, त्या घरची तशी पद्धत नव्हती. तिचा पाय मात्र फळीवरून मागं येत नव्हता. पदराआडून तिचा श्वास ऐकू येत होता. खात्या दोर हातात धरून कधी सूर्याकडे, कधी पाटलाकडे बघत राहिला.

गफूरला वाटलं, आपण काहीतरी काम काढावं. एखादी फळी सरळ करावी. पण सगळ्या फळ्या सरळ होत्या.

"पाटील," तो म्हणाला, "नदीनं काही लिधं नही."

कुणाला नीट ऐकूच गेलं नाही. तो मोठ्यानं म्हणाला, "ती मन्ही चूक व्हती. चौथी घोडीखाल मी दगड ठेवेल नव्हता. घोडी गारामा बसनी, म्हनीसन फयी कलंडनी. वटीना काही संबंध नही."

रूपचंद पाटील घोड्यावरून खाली उतरला. चालत जवळ आला आणि गफूरच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला, हे गफूरला अगदीच अनपेक्षित होतं.

"तुले दया उनी, गफूर. तू भला मानूस शे. पन देवना कामले खोटं नको बोलू."

आठ वर्षं जे बोलायला जीभ उचलत नव्हती ते बोलून झालं, आणि कुणी विश्वासच ठेवीना! गफूरला हसावं की रडावं कळेना. नावेतून बेबीबाईसुद्धा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या चाचा, तुम्हीन कसाले आंगवर लेतस?" भाईदासनं बायकोचा दंड धरला. तिला तो हळूहळू मागं वळवू लागला.

"थांबा!" गफूर ओरडला. "खोटं शे का? देखा मंग!"

तो चिखलात उतरला. चौथ्या घोडीपाशी जाऊन त्यानं फळी खांद्यानं उचलून धरली आणि पायांखालचे दोन्ही दगड हिसकून काढले. घोडी पुन्हा गाळावर उभी केली, फळी वर टाकली. बघणाऱ्याला काडीचा फरक दिसला नसता.

"गफूरभाई, डोकं फिरनं का तुन्हं?" खात्या किंचाळला.

गफूरनं त्यातला मोठा दगड खांद्यावर घेतला आणि काठावर येऊन चालायला सुरुवात केली. पहिली घोडी. दुसरी. तिसरी. टाच त्यानं एकदाही आपटली नाही. चौथ्या घोडीवर वजन पडलं, तिचा एक पाय मुकाट खाली गेला, फळी कलली आणि साठीला टेकलेला तो माणूस दगडासकट आडवा पाण्यात कोसळला. बायका ओरडल्या. खात्यानं उडी टाकायच्या आत तो नाकातोंडात गढूळ पाणी घेऊन कंबरभर पाण्यात उभा राहिला. दंड सोलवटला होता. त्यानं घोडीच्या रुतलेल्या पायाकडे बोट दाखवलं.

"अशी बसनी व्हती," तो खोकत म्हणाला. "अशीच. मी सांजले एकलानी उकरी काढी. कोनले सांगं नही."

रूपचंद पाटील काठाच्या अगदी टोकाशी आला. त्याच्या जोड्यांत पाणी शिरलं.

"तधय का नही सांगं?"

"सांगतू ते काम जातं मन्हं."

"तेवढासाठे?"

गफूरनं दुसरं एखादं कारण शोधलं. देवाधर्माचं कारण जिभेवर आलं होतं, ते त्यानं गिळलं.

"हा," तो म्हणाला. "तेवढासाठे."

पाटील मारील असं त्याला वाटलं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण पाटील नुसता उभा राहिला. आठ वर्षांत त्यानं सुनेच्या हातचं पाणी घेतलं होतं, पण तिच्याशी सरळ शब्द बोलला नव्हता. ते त्याच्या मनात आलं असावं, कारण त्यानं तिच्याकडे पाहायचं टाळलं आणि खात्याला म्हणाला, "नाव कितली येय थांबाडशी? अंधारं पडाना आत पलीकडे लाग."

गफूरनं घोडी उपसली, दगड परत दिले, पायानं दाबून बसवले. फळी टाकली. मग वर न येता तो तिथंच पाण्यात थांबला आणि दोन्ही हातांनी घोडी धरून ठेवली. जसोदाबाई निघाली. तिच्या पायातले चांदीचे वाळे त्याच्या डोळ्यांसमोर आले आणि थांबले. त्यानं मान वर केली. तिनं पदर मागं सारला होता. तिशीही पुरती न गाठलेल्या त्या बाईचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते.

"आठ वरीस, चाचा," ती म्हणाली.

शिवी नाही, शाप नाही. उत्तरासाठी ती थांबलीही नाही. तिला वेळ नव्हता. भाईदास तिच्या मागोमाग गेला. खात्यानं नाव लोटली.

या काठाला गफूर आणि पाटील दोघंच उरले. रात्रीपर्यंत ही गोष्ट ठेकेदाराच्या कानावर जाणार आणि उद्या फळ्या टाकायला दुसरा माणूस येणार, हे गफूर जाणून होता. त्याचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं. तो ओल्या कपड्यांनी कुडकुडत पाण्यातच उभा होता. नाव मधल्या धारेत गेली, तिरकी झाली, पुन्हा सरळ झाली. पाटलाला नुसता पिवळा उजेड दिसत असणार.

"लागनी का नाव?" त्यानं विचारलं.

"लागी ऱ्हायनी." आणि थोड्या वेळानं, "लागनी."

"उतरनी का ती?"

पलीकडच्या काठावर लाल लुगड्याचा एक ठिपका नावेतून खाली आला. नवऱ्यासाठी थांबला नाही. दोन्ही हातांनी लुगडं गुडघ्यापर्यंत उचलून चढावर धावत सुटला, मध्येच घसरला, उठला, पुन्हा धावला. भरल्या घरची सून अशी कुणाच्या देखत धावत नाही.

"पयी ऱ्हायनी," गफूर म्हणाला.

पाटलानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि तरीही काही न दिसणाऱ्या त्या काठाकडे तोंड करून म्हणाला, "पयू दे."