काट्यावरची टिचकी

विमान चालवायला शिकणाऱ्या मोहनचं विमान मझौली गावच्या शेतात कोसळलं ते टाकी कोरडी पडल्यामुळे, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो दोष कुणाचा याचा. फ्लाइंग क्लबचे मुख्य शिक्षक रत्नाकर चौकशीत छातीठोकपणे म्हणाले, पेट्रोलचा काटा चोख होता, पोरानं त्याकडे पाहिलंच नाही. मेलेला माणूस उलट बोलत नाही, ही केवढी सोय!

चौकशी नीलकंठरावांकडे होती. मोहनची आई अंजनीबाई रांझीला, कारखान्याच्या क्वार्टरात राहायची. तिनं एकच विचारलं होतं, माझ्या पोराच्या माथी हे मारणार का? बोलता बोलता तिनं हेही सांगितलं, की मोहनला हल्ली एक खोड लागली होती. घरातल्या घड्याळात वेळ पाहायची झाली तरी आधी काचेवर टिचकी मारायचा. तेव्हापासून नीलकंठरावांना चैन नव्हतं. दाढी करताना, जेवताना कुणीतरी जवळच काचेवर टिचकी मारतंय असं वाटायचं आणि ते दचकून मागे पाहायचे.

शेवटी ते क्लबात गेले. तिथं त्याच बनावटीचं दुसरं विमान उभं होतं. उडण्याआधी काय काय पाहता ते जरा बसून दाखवा, असं त्यांनी रत्नाकरांना सांगितलं. रत्नाकर हसत हसत बसले. पट्टा आवळला, दांडा हलवून पाहिला आणि पेट्रोलच्या काट्यापाशी येताच त्यांच्या बोटानं काचेवर टिचकी मारली. अर्ध्यावर अडकलेला काटा थरथरत खाली आला.

रत्नाकरांचा चेहरा पडला. "सगळेच मारतात," ते पुटपुटले. "टिचकी मारली की बरोबर दाखवतो."

"आणि एखाद्या दिवशी टिचकीनंही हलला नाही तर?"

रत्नाकर पट्टा सोडून खाली उतरले. टाकीत पट्टी बुडवून पाहायची रीत तिथं कधीच मोडली होती. काटा बिघडलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि टिचकी हीच त्याची दुरुस्ती झाली होती. मोहनला रत्नाकरांनी तेच शिकवलं होतं.

नीलकंठराव तडक रांझीला गेले. एवढं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. अंगणात उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. अंजनीबाईनं पदर डोळ्यांना लावला.

"म्हणजे माझ्या पोरानं पाहिलं होतं," ती म्हणाली.

"पाहिलं होतं, बाई. मी तसंच लिहिणार."

तेवढ्यात वरून घरघर आली. क्लबाचं ते दुसरं विमान कुणा शिकाऊ पोराला घेऊन चाललं होतं. अंजनीबाई वर पाहत राहिली.

"साहेब, मंग हे काहून उडून राहिलं?"

 ते विमान उडवू नका, एवढं क्लबात सांगायचंच नीलकंठरावांकडून राहून गेलं होतं. तो आवाज मध्येच थांबू नये म्हणून दोघंही श्वास रोखून ऐकत उभे राहिले.