उपटायचं नाही

सहा टेबलं, चोवीस खुर्च्या, भिंतीवर बर्फाळ डोंगराचं एक चित्र, आणि गिऱ्हाईक एकही नाही. लंकाबाईने स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून डोकावून हे सगळं पाहिलं आणि डोक्यावरचं गाठोडं खाली उतरवलं.

"काय रे करीमभाऊ, जेवणाच्या टायमाला सुट्टी हाय का?"

करीमदाद थंड तव्यापाशी नुसता उभा होता. "ताई, आजपासून माल नको. हॉटेल बंद करतो."

त्याने हनुवटीनेच रस्त्याकडे खूण केली. समोरच्या टपरीपाशी कांद्याच्या आडतदाराचा मुलगा ज्ञानेश दोन दोस्तांना घेऊन उभा होता, मोबाइल धरून. अफगाणिस्तानातून कांदा येतो आणि इकडचा भाव पडतो, म्हणून या अफगाणी हॉटेलात जो जेवायला जाईल त्याचा व्हिडिओ तो ग्रूपवर टाकत होता. भांडण कुणी करत नव्हतं. लोक फक्त पुढच्या हॉटेलात जात होते.

"आन् कांदा तर तू माझाच घेतोस!"

"सांगितलं त्याला. हसला."

लंकाबाईने गाठोड्याकडे पाहिलं. आत गंदना होता. कांद्याच्या पातीसारखाच, पण चपट्या पानांचा आणि लसणीच्या वासाचा. तिच्या मखमलाबादच्या मळ्याशिवाय तो कुठे पिकत असल्याचं तिने ऐकलं नव्हतं, आणि घेणारा हा एकटा. बी त्यानेच काबूलहून आणलेलं. पहिल्या खेपेला तिने सवयीने सगळा वाफा मुळासकट उपटला, स्वच्छ धुतला, जुड्या बांधून मोठ्या कौतुकाने आणून दिला. ती पांढरी मुळं बघून हा धिप्पाड माणूस पायरीवर मटकन बसला होता. मग आत जाऊन उरलेलं मूठभर बी घेऊन आला.

"ताई, हे उपटायचं नाही. वरून कापायचं. मूळ राहिलं की परत येतं."

लंकाबाईने गाठोडं पायाने त्याच्याकडे सरकवलं. "तवा तापव."

"पण ताई..."

"ह्या पाल्याचं तू काय करतोस ते मी अजून चाखलं नाय. जल्म गेला हॉटेलांना भाजी देण्यात. मागच्या दारानं यायचं, मागच्या दारानं जायचं. आज बसून खाणार."

इमारतीला वळसा घालून ती रस्त्यावर आली. ज्ञानेशने हाक मारली, "मावशी, रस्ता चुकला का? तुमचं दार मागं हाय."

"माल दिला. आता जेवायला चालले."

"तिथं? व्हिडिओ गावात जाईल मावशी. लोक नावं ठेवतील."

"थांब मग." तिने पदर डोक्यावर सारखा केला. "हां, काढ आता. आन् समोरून काढ, पाठ काय दाखवतोस लोकांना!"

एक दोस्त फिसकन हसला. ज्ञानेशने त्याला कोपराने ढोसलं.

ती खिडकीजवळच्या टेबलापाशी गेली. खुर्ची ओढली, चपला काढल्या, पुन्हा घातल्या आणि ताठ बसली. काचेपलीकडे मोबाइल होता. तिने त्याच्याकडे तोंड केलं.

करीमदादने बोलानी आणली. पातळ लाटलेल्या पोळीत गंदना भरून, दुमडून, तव्यावर खरपूस भाजलेली. सोबत दह्याची वाटी. तो हात पुसत शेजारी उभा राहिला.

"कसं झालंय?"

तिने सावकाश चावलं. "मीठ कमी पडलंय तुझं."

आठवड्यात पहिल्यांदा करीमदाद हसला.

ज्ञानेश काचेशी आला. "झालं का मावशी? उठा आता."

"आत ये की. माझ्याच मळ्यातलं हाय."

"मी नाय येत."

"मग उभा रहा उन्हात." ती करीमदादकडे वळली. "आणखी एक आण. मीठ बघून."

व्हिडिओ गावात गेला. पाणवठ्यावर बाया तिला 'हॉटेलवाली' म्हणू लागल्या. सून निकिता म्हणाली, "आई, माझ्या माहेरपर्यंत पोचलात तुम्ही." मग हळूच विचारलं, "तिखट असतं का हो ते?" रविवारी ती नवऱ्याला घेऊन तिथं जेवायला गेली. पुढच्याच दाराने.

बुधवारी संध्याकाळी करीमदादचा फोन आला.

"ताई, गंदना संपला. परत कधी आणाल?"

"थांब, बघते."

फोन कानाशी तसाच धरून लंकाबाई वाफ्यात उतरली. कापलेल्या खुंटांशेजारी तिने हात आडवा धरला. नवी पात चार बोटं वर आली होती.